चुन्याची निवळी

करिष्मानं नळीतून फुंकायचं सोडून ग्लासात हातच बुडवला.

"मॅडम, हिचा हात बघा!" शेजारी बसलेली सायली ओरडली. सातवीचा अख्खा वर्ग बाकं सोडून भोवती जमला. चुन्याच्या निवळीतून बाहेर आलेली करिष्माची बोटं विटकरी लाल झाली होती. तिनं दुसरा हात बुडवला. तोही लाल झाला.

योगिता मॅडम आधी चिडल्या. ती निवळी फुकट आली नव्हती. तंबाखू मळणाऱ्या आजोबांच्या डब्यांतून पोरांनी चिमूट चिमूट चुना पळवून आणला होता. कालपासून पाणी निवळत ठेवलं होतं. पपईच्या देठाच्या नळीनं फुंकलं की ते दुधासारखं होतं, एवढं आज बघायचं होतं. शिरूर कासार तालुक्यातल्या त्या शाळेत प्रयोगाच्या साहित्याचं एक कपाट होतं, पण त्याची किल्ली आधीच्या गुरुजींबरोबर बदली होऊन गेली होती. मॅडमचं त्यावाचून काही अडलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून त्या पुस्तक मिटायला लावायच्या आणि पोरांना भिजवायला, गाळायला, फुंकायला बसवायच्या.

लाल बोटं बघून मात्र त्यांचा राग निवळला. सोमवारीच हळदीचा प्रयोग झाला होता. हळदीच्या कागदावर चुना लावला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा होतो, हे सगळ्यांत आधी करिष्माच्या ध्यानात आलं होतं. आम्ल आणि आम्लारी हे शब्द तिनं त्या दिवशी वर्गाला तोंडपाठ करून दिले होते. अशी पोर वर्षाकाठी एखादीच मिळते.

म्हणूनच तिला या वर्षी गावात ठेवायचं, असा मॅडमनी हट्ट धरला होता. पुढच्या आठवड्यात ऊसतोडीच्या गाड्या निघणार होत्या. मॅडम दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या. तिचा बाप शहादेव हात जोडून म्हणाला होता, "न्हेत न्हाई मॅडम. राहू द्या तिला हंगामी वसतिगृहात." मॅडमचा जीव भांड्यात पडला होता. तरी त्यांनी सगळ्या पोरींना बजावलं होतं, की घरात लग्नाचं बोलणं निघालं तर नुसतं माझ्या कानावर घाला, पुढचं मी बघते. गेल्या साली पोलिसांना केलेल्या एका फोनवर त्यांनी शाळेतल्याच सुरेखाचं लग्न मोडलं होतं. त्यावरून निम्मं गाव अजून त्यांच्याशी बोलत नव्हतं.

"रंगपंचमी लवकर आली की!" मागून सत्यम म्हणाला. पोरं फिदीफिदी हसली. करिष्मा हसली नाही. लाल हात तसेच पुढं धरून ती मॅडमकडे एकटक बघत राहिली.

पोरगी लाजली असेल, असं मॅडमना वाटलं. "सकाळी कालवण केलंस का गं घरी?"

करिष्मानं हात आणखी पुढं केले.

मॅडमनी खिचडीसाठी आणलेलं लिंबू कापलं आणि तिच्या बोटांवर पिळलं. बघता बघता लाली उतरली. "बघा, आम्लानं काय केलं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. टाळ्याही वाजल्या. आयता मिळालेला प्रयोग असा साधला म्हणून मॅडम मनातून खूश झाल्या.

"मॅडम, परत लाल करून दावू?" करिष्मानं विचारलं.

"पुरे आता. बाकीच्यांना निवळी उरायला नको?"

करिष्मा जागेवर जाऊन बसली.

हे गुरुवारचं. शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत मॅडम तिच्या घरी गेल्या, तर दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर सायलीची आजी, वच्छलाबाई, शेंगा फोडत बसली होती.

"शुक्रवारी लगीन उरकलं की," ती म्हणाली. "वडवणीला, मामाच्या शेतात. पोरगं एकलंच व्हतं. एकल्याला मुकादम कुठं घेतो? कोयत्याला नवराबायकोची जोडी लागती. आज सकाळीच गाडी गेली कर्नाटकात."

"आणि हळद?"

"बुधवारी. घरातल्या घरात लावली. गुरुवारी पिठानं हात चोळून चोळून धुतले तिचे अन् धाडली शाळंत. खाडा पडला तर तुमी घरी येताल, हे शहादेवला ठावं हाय."

मॅडम तिथंच ओट्यावर बसल्या. गुरुवारी दुपारी फोन केला असता तर अख्खा दिवस हाताशी होता. आता गाडी कुठल्या रस्त्यानं गेली, कुठल्या फडावर उतरणार, हे गावात कुणी सांगणार नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला आणि तो त्यांनी करिष्मावर काढला.

"एवढं मी सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "एक शब्द बोलायचा होता. समोर तर उभी होती माझ्या!"

दारातून सायली बाहेर आली. ती रडून आलेली दिसत होती.

"तिला आईची आण घातलती, तुमाला कायबी सांगायचं न्हाई म्हणून," ती म्हणाली. "तिनं सांगितलं न्हाई, मॅडम. दोन्ही हात बुडवून दावलं."