शिंपीमास्तरांची धाप

ब्लड कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला सायकलफेरी निघणार होती. बायको त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, म्हणून शिंपीमास्तरांनी सगळ्यांत आधी नाव दिलं. रोज संध्याकाळी ते कोपऱ्यापर्यंत सायकल मारायचे आणि न्हाव्याच्या पायरीवर बसून अशा धापा टाकायचे, की आतला आरसा धुरकट व्हावा.

"मास्तर, फेरीतली टेकडी चढलात तर महिन्याची कमाई देतो!" न्हावी हसला.

"माझीपण!" बेकरीवाला म्हणाला.

"द्या की. तुमचं काय जातंय?" मास्तर खोकत म्हणाले. मासे गळाला लागले होते. रोज पहाटे ते गुपचूप तीच टेकडी चढून येत, हे एकट्या बायकोलाच ठाऊक आहे, असं त्यांना वाटायचं.

फेरीच्या दिवशी मास्तर वाऱ्यासारखे टेकडीवर पोचले, तर हे दोघे पाकिटं घेऊन आधीच हजर.

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहाटे उतारावर घसा फाडून गाता, मास्तर. अख्खी गल्ली जागी होते."

"मग फसलात कशाला?"

न्हाव्याने पाकीट त्यांच्या खिशात कोंबलं. "वहिनींसाठी फसायला आमचं काय जातंय?"