पाटीवर खोटं नाही

पहिल्या फेरीत मिस्त्री आणि त्यांचा जुना दोस्त भोंगा दोघंही शहाण्यासारखे गेले. ही जुन्या मोटरसायकलींची नुसती मिरवणूक होती. आठ फेऱ्या, सावकाश, एकामागोमाग एक, कोणी कोणाला ओलांडायचं नाही, असं संयोजकांनी कर्ण्यावरून बजावलं होतं. दुसऱ्या फेरीत भोंग्याने मिस्त्रींना ओलांडलं आणि वर हात हलवून टाटा केला. कठड्याशी उभ्या असलेल्या वहिनींनी कपाळावर हात मारला. आता कसली मिरवणूक!

वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. ट्रॅकवर सगळ्यांच्याच त्या वहिनी. मिस्त्री शर्यती मारत होते तोवर याच कठड्याशी उभ्या राहून त्यांनी नवऱ्यासाठी पाटी धरली होती. गाडीवरच्या माणसाला मागचं दिसत नाही, आणि मान वळवली तर तो संपलाच. मागे कोण आहे, किती लांब आहे, ते पाटीने सांगायचं; कोणी नसेल तर वेग सोडायचा. लग्नानंतर ठरलेल्या शंभर गोष्टींपैकी दोघांनी हीच काय ती पाळली होती. वहिनींनी पाटीवर खोटं लिहायचं नाही आणि मिस्त्रींनी पाटीशी वाद घालायचा नाही. आज ती आणली होती फक्त फोटोपुरती.

निघताना त्यांनी दोघांनाही सांगितलं होतं, "जपून हं."

"मी कोणासाठी जपू, वहिनी?" भोंगा हसला होता. त्याची बायको गेल्या वर्षी गेली, मूलबाळ नव्हतं. "माझ्या मागे कोणी नाही." मग त्याने गाडी सुरू केली आणि त्याला भोंगा का म्हणतात ते नव्या मंडळींना कळलं.

तिसऱ्या फेरीत दोघं पुन्हा समोरून गेले. आता मिस्त्री पुढे आणि भोंगा त्यांच्या अगदी पाठीला. वहिनींनी पाटीवर 'हळू' लिहून दाखवलं. पण हा शब्द वाचायचं मिस्त्रींनी तरुणपणीच सोडून दिलं होतं. गाड्या गेल्या आणि मागे वास राहिला. जळका, नाकात बसणारा. जुने ब्रेक तापले की आधी वास मारतात आणि मग धरत नाहीत, हे त्यांना मिस्त्रींनीच शिकवलं होतं. पलीकडे उतारावरचं वळण होतं आणि वळणाला दगडी भिंत.

"झेंडी दाखवा, थांबवा त्यांना!" त्या झेंडीवाल्यावर ओरडल्या.

तो प्रेक्षकांकडे बघत होता. लोक बाकांवर चढून शिट्ट्या मारत होते. "काकू, पब्लिक बघा की काय खूश आहे! थांबा, साहेबांना विचारून येतो," असं म्हणून तो गेला तो गेलाच.

वहिनींनी 'हळू' पुसलं. खडू पाटीवर टेकवला आणि हात तिथेच थांबला. इतक्या वर्षांत लिहिलं नव्हतं ते आता लिहायचं होतं. पलीकडून आवाज जवळ येऊ लागला. दात आवळून त्यांनी लिहिलं: 'मागे कोणी नाही'.

मिस्त्री आले. भोंगा त्यांच्या पाठीवर गरजत होता. बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं. मिस्त्रींची नजर पाटीवरून गेली. गाडी तशीच पुढे गेली. वहिनींनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा मिस्त्री वेग सोडून गाडीवर ताठ बसले होते. भोंगा त्यांच्या बाजूने सुसाट निघून गेला. मिस्त्रींची गाडी थांबता थांबेना, बरीच लांब जाऊन कडेच्या गवतात थांबली. तिथून ती ढकलत ते कठड्यापाशी आले. चेहरा लालबुंद. वहिनींनी पाटी छातीशी धरली.

"मागे कोणी नाही म्हणे! कान फाटले माझे."

"मग थांबलात कशाला?"

मिस्त्रींनी बाहीने घाम पुसला. "पाटीवर लिहिलं होतंस ना."

वहिनींना रडू आलं आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला. "ब्रेक जळलेत तुमचे! इथवर वास येतोय. या वयात मेला असतात म्हणजे?"

"माझे जळले तर त्याचेही जळले असणार," मिस्त्री म्हणाले, आणि दोघांनीही ट्रॅककडे पाहिलं.

पलीकडे भोंगा अजून पिसाटासारखा पळवत होता. डोकं टाकीवर टेकलेलं, एकटाच.

"त्याला वाटतंय मी मागेच आहे," मिस्त्री म्हणाले. "आणि वळून तो बघायचा नाही. दाखव पाटी त्याला. आहे तीच दाखव, आता खरी आहे ती."

वहिनींनी पाटी उचलली. लिहिलेलं वाचलं आणि पाटी खाली घेतली.

"काय झालं?"

"हे नाही दाखवायची मी भाऊजींना."

"अगं, आला तो!"

वहिनींनी पदराने दोन शब्द पुसले, एक ठेवला. खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी घाईघाईने पुढे एक शब्द लिहिला. मिस्त्रींनी तो वाचला आणि पाटीची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ती कठड्यावर उंच केली.

'मागे आम्ही'.

भोंगा समोरून गेला. सरळ रस्ता, पुढे उतार. आवाज तसाच, तसाच, तसाच. मिस्त्रींची बोटं पाटीच्या कडेवर पांढरी पडली.

मग रस्ता संपता संपता भोंग्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. मान वळवून मागे पाहिलं.

आणि आवाज उतरला.