मातीकामाची खोली

ती शिल्पकला शिकत होती, तिची मैत्रीण चित्रकला. होस्टेलच्या एकाच खोलीत दोघींची तीन वर्षं गेली होती.

"कॉलेजात कलादालन हवंच," मैत्रीण म्हणाली. "अर्ज मी लिहिते. तू कोऱ्या कागदांवर सह्या आण. तुझ्या शब्दाला कुणी नाही म्हणत नाही."

तिने वर्गावर्गात फिरून ऐंशी सह्या आणल्या.

सुट्टीनंतर ती मातीकामाच्या खोलीत शिरली आणि जागीच थबकली. भिंती पांढऱ्याशुभ्र, छताला नवे दिवे. शेवटच्या वर्षासाठी घडवत आणलेला आईचा चेहरा बाहेर जिन्याखाली पडला होता. माती वाळून गालाला तडा गेला होता.

"तुमचीच मागणी होती की!" ऑफिसातल्या क्लार्कने अर्ज समोर ठेवला. 'मातीकामाची खोली फारशी वापरात नसते. कलादालन तिथेच करावे.' खाली पहिली सही तिचीच होती. ती सही पाहून तिच्या वर्गातली मुलं तिच्याशी बोलेनाशी झाली.

मैत्रीण नव्या भिंतीवर स्वतःची चित्रं टांगत होती.

"मला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू सह्या आणल्या असत्यास का?" मैत्रिणीने मागे सरून चित्र सरळ लागलंय का ते पाहिलं.

 

"आणि उद्या उद्घाटनाला जरा लवकर ये हं. पाहुण्यांचं चहापाणी बघायला कुणीतरी हक्काचं माणूस हवं."