झोपायच्या खोलीतलं संगीत

घर पाहताक्षणी नवऱ्याला आवडलं. छतात बसवलेल्या स्पीकरमधून प्रत्येक खोलीत संगीत वाजत होतं. “स्वस्तातच बसवले, पण घराला कशी शोभा आली बघा!” घरमालक म्हणाला. “ही नर्स आहे, रात्रपाळी करून दिवसा झोपते,” नवऱ्यानं सांगितलं. नेमक्या झोपायच्या खोलीतच आवाज मोठा का, ही शंका बायकोला छळू लागली. “बंद करा ना जरा.” “रिमोट सापडत नाहीये, वहिनी.” “तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं,” नवरा पुटपुटला. तिनं सरळ स्पीकरचा प्लग उपटला. संगीत थांबताच भिंतीपलीकडून यंत्रांची एकसारखी घरघर ऐकू आली. “शेजारी छापखाना आहे, पोरी,” दारातून घरमालकाची म्हातारी आई म्हणाली. “आई, गप्प बस!” “कशी बसू? अकरा वर्षं या खोलीत दुपारी माझा डोळा लागला नाही. हिला तर रोज दिवसाच झोपायचंय.”