माणसं मोजायचा आठवडा

गाडीत माणसंच नसतात, आठवडाभर मोजतो, भरली नाही तर गावची एसटी बंद, असं डेपोचा साहेब सांगून गेला आणि कृष्णाबाईचं धाबं दणाणलं. तिची भाजीची पाटी याच गाडीने पनवेलच्या बाजारात जायची. तिने आळीतल्या साऱ्या सुना गाडीत बसवायचं ठरवलं. सुरुवात घरातून केली.

तिची सून भावना लग्न झाल्यापासून एकटी नळाच्या पलीकडे गेली नव्हती.

"मी बाजाराला उतरीन. तू उतरायचं नाय," कृष्णाबाईने बजावलं. "तशीच बसून परत ये."

भावना रोज खिडकीशी बसून गेली आणि तशीच परत आली. पनवेलच्या स्टँडवर शेजारीच उरणची गाडी लागलेली असायची. उरणला तिचं माहेर. ती नुसती त्या बोर्डाकडे बघत राहायची. साहेब सीटांवरून बोट फिरवत यायचा, बोट तिच्यावर क्षणभर थांबायचं, आणि तिला उगाच बरं वाटायचं.

गाडी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला, तेव्हा भावना सवयीने साडी बदलून घराच्या दारात उभी होती. कंडक्टर तिच्याकडे बघून ओळखीचं हसला आणि घंटीच्या दोरीला हात लावून थांबला.

"आणखी कोण आहे?"

कृष्णाबाईने पाटी सीटखाली सरकवली. एकवार दाराकडे पाहिलं.

"सोड गाडी," ती म्हणाली. "आनी कोन नाय."