पेटलेल्या पुलावरची बाई

“बाबांचे फार दिवस उरलेले नाहीत,” दारात उभी असलेली मुलगी म्हणाली. “डॉक्टरांनी आठवडा सांगितलाय. त्यांना एवढंच हवंय, पुलावरच्या त्या बाईचं पुढे काय होतं?”

लेखकाच्या तोंडचं पाणी पळालं. पुलावरच्या बाईचं पुढे काय होतं, ते त्यालाही जाणून घ्यायचं होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्याची कादंबरी आली. सहाशे चाळीस पानं, तीन राज्यं, दोन राजपुत्र, आणि मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत ‘सात भागांतला पहिला’. शेवटच्या पानावर पुलाची राखणदारीण राजाचं तान्हं मूल छातीशी बांधून लाकडी पुलाच्या मधोमध उभी, आणि पुलाची दोन्ही टोकं पेटलेली. खरं तर एका टोकाला आग लावून भागलं असतं. पण शेवट दणक्यात व्हावा म्हणून या शहाण्याने छापायला जाता जाता दुसरंही टोक पेटवून दिलं. खाली नदी, नदीत माणसं गिळणारे सर्प. वाचक खूश झाले. बाई मात्र अडकली ती अडकलीच.

तेव्हापासून याला बाहेर पडायची चोरी झाली. न्हाव्याने वस्तरा गळ्याशी धरून विचारलं, दातांच्या डॉक्टरने आ करायला लावून विचारलं, दुसरा भाग कधी? तो सगळ्यांना एकच सांगायचा, “ठरलंय हो सगळं डोक्यात.” डोक्यात शष्प नव्हतं. दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचा, उगाच ड्रॉवर उघडायचा, बंद करायचा. बायकोने दोन वर्षं विचारलं. मग एकदा तो भरल्या ताटावरून उठला, त्यानंतर तिने विषय काढला नाही.

“जाऊन तर या,” बायको आता पायात चपला सरकवत म्हणाली. तिची ऑफिसला जायची वेळ झाली होती. “लिहायचं थोडंच आहे? सांगायचंय. माणूस मरायला टेकलाय हो.”

“आणि काय सांगू? थापा मारू?”

“ते तुम्ही बघा,” म्हणून ती जिना उतरलीसुद्धा.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीशी पलंग, उशाशी औषधांच्या बाटल्या. स्वयंपाकघराचं दार किलकिलं. म्हातारा गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडला होता.

“आलात? बसा.”

“मी उभाच बरा.” लेखक खिडकी ते दार फेऱ्या मारू लागला.

“बसा हो. तुमच्याकडे बघून बघून मान दुखायला लागली. मरते का ती?”

“छे! मरेल कशी?”

“मग पोहते?”

“सर्प आहेत.”

“आग विझते?”

“पाऊस पाडून बघितला, खोटा वाटला. शत्रूला दया आणून बघितली, त्याहून खोटी. नऊ वर्षं मी ती आग विझवतोय, काका!”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. हे त्याने आजवर कुणाजवळही कबूल केलं नव्हतं. तो खुर्चीत मटकन बसला.

म्हातारा हसला नाही. “मग जळू दे की,” तो म्हणाला. “जळून जळून काय होईल?”

“होईल काय? टोकं तुटतील. मधला तुकडा खाली पडेल, बाईसकट. नदीत...” लेखक ताडकन उठला. “लाकडी आहे! अहो, तरंगेल तो! आणि दोन्ही कडा पेटलेल्या, म्हणजे सर्प जवळ फिरकायचे नाहीत! अरे देवा, मी गाढव आहे!”

“जरा सावकाश,” म्हातारा म्हणाला. “शब्द न् शब्द नीट ऐकू दे मला.”

दुसऱ्या दिवशी लेखक वेळेच्या अर्धा तास आधीच हजर. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. राखणदारीण तराफ्यावरून दक्षिणेला निघाली होती, मागे दोन्ही राजपुत्र. पठ्ठ्या बोलत सुटला. म्हाताऱ्याला आदल्या दिवशीचं सगळं आठवायचं; धाकटा राजपुत्र कुठल्या हाताने लढतो, तेसुद्धा.

आता जिवाला वेगळाच घोर लागला. गोष्ट संपेपर्यंत म्हातारा टिकेल ना? सकाळी उठल्यापासून त्याला तेवढंच सुचे. जिना चढताना वरून रडण्याचा आवाज तर येत नाही ना, म्हणून तो प्रत्येक मजल्यावर थबके. पाचव्या दिवशी म्हाताऱ्याला धाप लागली, तशी याने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“काका, एक अख्खी लढाई गाळू का? लवकर होईल.”

“खबरदार!” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “लढाई ऐकल्याशिवाय जात नसतो मी.”

सहाव्या दिवशी दुपारी बाळ आईच्या हाती पोचलं. राखणदारीण नदीकाठी बसून पोटभर रडली. लेखकही रडला. म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेतला.

“सुटलो बघा,” तो म्हणाला. “आता घरी जा आणि लिहून काढा.”

“लिहायला बसलो की सगळं उडून जातं हो,” लेखक म्हणाला. “पण निदान एका माणसाला तरी सांगून झालं.” त्याने वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसत जिना उतरला.

त्याच्या पावलांचा आवाज बंद झाला, तशी मुलीने दाराला कडी घातली. म्हाताऱ्याने पांघरूण झुगारलं, पलंगावरून टुणकन उडी मारली आणि कंबर मोकळी करत चहा मागितला. स्वयंपाकघराचं दार उघडून लेखकाची बायको लिहून लिहून आखडलेली बोटं मोडत बाहेर आली. काखेत चार भरलेल्या वह्या होत्या.

“दुसरा भाग तर झाला, काका,” ती म्हणाली. “आता तिसऱ्याला मरायला कोण टेकणार?”