हलकी गाडी

आई आणि मुलगा, दोघांनी मिळून वडिलांना चादरीसकट उचलून गॅरेजात आणलं, आणि तेव्हा कुठे मुलाच्या डोक्यात उजेड पडला की गाडीत बसायची जागा एकच आहे. त्याची स्वतःची.

दुसरी सीट त्यानेच काढली होती. पन्नास वर्षांपूर्वीची दोन दारांची स्पोर्ट्स कार, तिला आता दुप्पट ताकदीचं इंजिन. पण नुसतं इंजिन बसवून भागत नाही, गाडी हलकी करावी लागते, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून सांगायचा. मागचं बाकडं, खालचा गालिचा, दारांची अस्तरं, सायलेन्सर... एकेक वस्तू काढायची, काट्यावर ठेवायची, आकडा बघून खूश व्हायचं आणि कोपऱ्यात भिरकावायची. सीट ज्यावर बसते ती पट्टीसुद्धा त्याने कापून टाकली होती. तेवढेच नऊशे ग्रॅम. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला वजनही चालत नव्हतं.

"अँब्युलन्सवाले पंचवीस मिनिटं म्हणालेत," आई म्हणाली. "तोवर त्यांना हलवू नका म्हणालेत रे."

"पंचवीस मिनिटं काय वाट बघत बसायचं? मी सहा मिनिटांत नेतो."

वडील गच्चीच्या जिन्यावरून घसरले होते. कंबर हलवता येत नव्हती, पोट कडक होत चाललं होतं, ओठ पांढरे पडले होते. मुलाची भीतीने गाळण उडाली होती. घाबरलेला माणूस हाताशी असेल त्याच्यावर भिस्त ठेवतो, आणि त्याच्या हाताशी किल्ली होती.

उघड्या पत्र्यावर रजई टाकून त्यांनी वडिलांना तिरपं निजवलं. पाय पुढे, डोकं मागे बसलेल्या आईच्या मांडीवर. आईला मान वर करता येत नव्हती, कारण वर लोखंडी पाइपांचा पिंजरा होता. गाडी उलटली तर चालवणारा वाचावा म्हणून तो बसवून घेतलेला.

"बसलो बाबा एकदाचा तुझ्या गाडीत," वडील म्हणाले. ते हसायला गेले आणि कळवळले.

फाटकाबाहेर पहिलाच खड्डा लागला. वळणावर गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंगा कडक केलेल्या. रस्त्यात काडेपेटी पडलेली असली तरी बुडाला कळायचं. वडिलांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा त्याने जन्मात ऐकला नव्हता. एवढ्या इंजिनाच्या गोंगाटातही तो ऐकू आला.

"हळू!" आई ओरडली.

त्याने वेग कमी केला. पण या गाडीला हळू चालणं ठाऊकच नव्हतं. क्लच सोडला की ती उडी मारायची, पाय उचलला की धक्का देऊन अडखळायची. वेग वाढवला तर खड्डे, कमी केला तर धक्के. इकडे आड, तिकडे विहीर. "हळू रे, हळू," आई मागून ओरडतच होती, आणि दर वेळी तो आणखी हळू होत होता. पिशव्या लटकवलेला एक सायकलवाला म्हातारा घंटी वाजवत त्याला मागे टाकून गेला. सहा मिनिटं केव्हाच उलटली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मागे वळून बघायची हिंमत होईना.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. दुभाजकाच्या पलीकडून अँब्युलन्स आली. सायरन वाजवत, त्याच्याच घराच्या दिशेने. गर्दीत ती क्षणभर अडकली. त्याने हॉर्नवर हात मारला, मारतच राहिला. हॉर्न कुठला वाजतोय? तोही कोपऱ्यात पडला होता, सहाशे ग्रॅमचा. काच खाली करावी तर काचेच्या जागी प्लास्टिक, स्क्रू मारून घट्ट बसवलेलं. शर्यतीच्या गाड्यांत असतो तसल्या चारपदरी सीटबेल्टमध्ये त्याने स्वतःला आवळून घेतलं होतं आणि घाईत त्याचा खटका सापडेना. मग उरलं होतं तेवढं त्याने केलं. गिअर काढला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

इंजिन असं गरजलं की दुकानांतली माणसं बाहेर आली. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने एकदा इकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि वाट मिळताच तो निघून गेला.

शेजारी थांबलेल्या मोटरसायकलवाल्याने मात्र हेल्मेटची काच वर केली. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"एक नंबर, दादा!" तो अंगठा दाखवत ओरडला. "पळवून दाखवा ना एकदा!"

दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्या कोकलायला लागल्या. तो दात आवळून क्लच इंचाइंचाने सोडू लागला, वडिलांना धक्का बसू नये म्हणून.

मागून आईचा हात खांद्यावर आला. या वेळी ती ओरडली नाही. पिंजऱ्याच्या पाइपांमधून वाकून ती त्याच्या कानाशी आली.

"पळव आता, हवी तेवढी," ती म्हणाली. "आता त्यांना लागत नाही."